अध्यक्षपद मागण्यात गैर काय?

२ ऑक्टोबर २०१८ रोजी भौतिकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले आणि कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या डोना स्ट्रिकलंड यांचे नाव जगभर झाले. मारी क्युरी (१९०३) आणि मारिया गोपर्ट-मेयर (१९६३) यांच्यानंतर हे पारितोषिक मिळवणाऱ्या त्या तिसऱ्या स्त्री. वर्तमानपत्रांनी दोन गोष्टी उचलून धरल्या. एवढ्या तोलामोलाची शास्त्रज्ञ अजून सहयोगी प्राध्यापकच कशी राहिली, ही एक. त्यांच्यावरचा लेख विकिपीडियाने त्याच वर्षी मे महिन्यात पुरेशा संदर्भांअभावी परत पाठवला होता, ही दुसरी. तिसरी गोष्ट मात्र बातमीच्या तळाशी गेली. प्रकाशशास्त्रातील जगातल्या सर्वात मोठ्या संस्थांपैकी एक असलेल्या ‘ऑप्टिकल सोसायटी’च्या त्या २०१३ साली अध्यक्ष होत्या, आणि तिथवर त्या सभासदांच्या मतांवर पोचल्या होत्या. गंमत अशी की, मोठ्या विद्वत्संस्थेचे सर्वोच्च पद भूषवलेली व्यक्ती लेखास पात्र ठरते, असे विकिपीडियाचे स्वतःचे निकषही सांगतात. पण त्या पदाचे वजन कुणाच्या लक्षातच आले नाही. ते यायला हवे, असे मला वाटते. कोणते संशोधन छापले जाते, कोणाच्या कामाला व्यासपीठ मिळते, पैसा कोणाकडून घ्यायचा, सरकारला अप्रिय वाटेल ते कोणी सांगायचे, यातले कितीतरी निर्णय प्रयोगशाळेबाहेर, अशा संस्थांच्या बैठकांमध्ये होतात. ज्यांना विषय आतून कळतो त्यांनी त्या बैठकांचे प्रमुखपद मिळवण्याची खटपट करावी, आणि ती उघडपणे करावी.

आधी ही संस्था काय आहे ते पाहू. १९१६ साली अमेरिकेतील रॉचेस्टर शहरात ‘ऑप्टिकल सोसायटी ऑफ अमेरिका’ स्थापन झाली. रॉचेस्टर म्हणजे कोडॅकचे आणि बॉश अँड लोम्बचे गाव. कॅमेरे, भिंगे, चष्मे, सूक्ष्मदर्शक यांवर तिथल्या लोकांचे पोट होते. युरोपात पहिले महायुद्ध चालू होते आणि प्रकाशीय काचेसाठी जर्मनीवर विसंबून राहणे अमेरिकेला परवडणारे नव्हते. अशा वेळी कारखान्यांतले तंत्रज्ञ आणि विद्यापीठांतले भौतिकशास्त्रज्ञ एका छताखाली आले. पुढच्याच वर्षी संस्थेचे नियतकालिक सुरू झाले. चाळीसेक वर्षे भिंगे, रंग, दृष्टी आणि मोजमापाची उपकरणे हाच तिचा संसार होता. १६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर झोत काढला आणि हा संसार पालटला. १९७५ साली संस्थेचे अध्यक्ष झाले आर्थर शॉलो. चार्ल्स टाउन्स यांच्यासोबत त्यांनी १९५८ मध्येच लेसरची सैद्धान्तिक मांडणी केली होती. पुढे रॉबर्ट बायर, एरिक इपन, फिलिप बक्सबाउम असे लेसरमधले मातब्बर या पदावर आले. २०२१ साली संस्थेने ‘ऑप्टिका’ हे नाव घेतले. आज तिचे सभासद वीस हजारांच्या पुढे आहेत आणि ते जगभर पसरलेले आहेत.

या अध्यक्षपदाची वाट मोठी मजेशीर आहे. सभासद थेट अध्यक्ष निवडत नाहीत, ते उपाध्यक्ष निवडतात. निवडून आलेली व्यक्ती एक वर्ष उपाध्यक्ष, दुसऱ्या वर्षी नियोजित अध्यक्ष, तिसऱ्या वर्षी अध्यक्ष आणि चौथ्या वर्षी माजी अध्यक्ष म्हणून संचालक मंडळावर काम करते. स्ट्रिकलंड २०११ मध्ये उपाध्यक्ष झाल्या आणि २०१३ मध्ये अध्यक्ष. म्हणजे मत मागणारा उमेदवार एका वर्षाचा मान मागत नसतो, चार वर्षांचे काम अंगावर घेत असतो. त्यासाठी आपली कारकीर्द आणि आपला विचार सभासदांपुढे ठेवायचा, दुसऱ्या तुल्यबळ उमेदवाराशी तुलना होऊ द्यायची आणि हरलो तर तो निकाल चारचौघांत स्वीकारायचा. शास्त्रज्ञांच्या जगात हे सोपे नाही. तिथे मान चालत यावा, तो मागू नये, असा एक अलिखित संकेत आहे.

मराठी वाचकाला हा संकेत ओळखीचा वाटेल. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वर्षानुवर्षे मतदानाने निवडले जात. कितीतरी चांगले लेखक ‘आपण निवडणूक लढवणार नाही’ म्हणून बाजूला राहिले, आणि अखेर घटना बदलून सन्मानाने निवड करण्याची पद्धत आली. तिच्यातल्या पहिल्या अध्यक्ष अरुणा ढेरे, २०१९ च्या यवतमाळ संमेलनाच्या. मतांसाठी दारोदार फिरणे लेखकाला शोभत नाही, ही त्यामागची भावना समजण्यासारखी आहे. संमेलनाध्यक्षाकडे मुख्यतः भाषणाचा आणि मानाचा अधिकार असतो, म्हणून तिथे ती पद्धत चालूनही जाते. ज्या पदाकडे नियतकालिके, परिषदा, पुरस्कार समित्या आणि देणग्या यांचे निर्णय येतात तिथे मात्र ‘सन्मानाने निवड’ म्हणजे चार ज्येष्ठांनी बंद खोलीत केलेली निवड ठरण्याचा धोका मोठा. मत मागणाऱ्याला प्रश्न विचारता येतो. ज्याच्या गळ्यात पद आग्रहाने घातले, त्याला कोण काय विचारणार?

नियतकालिकांपासून सुरुवात करू, कारण शास्त्रज्ञाचे भवितव्य तिथे ठरते. मेमन यांनी पहिल्या लेसरचा निबंध अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’कडे पाठवला. मेसर या लेसरच्या थोरल्या भावंडावर त्या काळात निबंधांचा पाऊस पडत होता आणि संपादक त्याला वैतागले होते. त्यांना हा निबंधही त्याच माळेतला वाटला आणि तो साभार परत गेला. अखेर ब्रिटनच्या ‘नेचर’ने ६ ऑगस्ट १९६० च्या अंकात तो छापला. विसाव्या शतकातला एक मोठा शोध आपल्या दारावरून परत गेल्याची नोंद त्या संस्थेच्या इतिहासात कायमची राहिली. संपादक निवडून येत नाहीत हे खरे. पण संपादक कोण असावेत, कोणती नवी नियतकालिके काढावीत, ती कोणाला वाचायला मिळावीत, हे धोरण संस्था चालवणारे ठरवतात. ऑप्टिकल सोसायटीने १९९७ साली ‘ऑप्टिक्स एक्स्प्रेस’ हे निव्वळ इलेक्ट्रॉनिक आणि वाचकांना विनामूल्य असे नियतकालिक सुरू केले. मुक्त प्रवेशाची चर्चा तेव्हा जेमतेम सुरू झाली होती. वर्गणीचे उत्पन्न बुडेल ही भीती असतानाही हा निर्णय झाला. त्याचे पहिले संपादक जोसेफ एबर्ली हे स्वतः प्रकाश-पुंजविज्ञानातले संशोधक, आणि पुढे २००७ मध्ये तेही संस्थेचे अध्यक्ष झाले. महाग नियतकालिके विकत घेणे न परवडणाऱ्या भारतातल्या एखाद्या महाविद्यालयाला अशा निर्णयाचा लाभ किती होतो, हे वेगळे सांगायला नको.

पण नेतृत्वाची खरी कसोटी लागते ती सत्तेसमोर. इथे कथेत एक बारामतीकर येतो. चंद्रकुमार पटेल यांचा जन्म १९३८ चा, बारामतीचा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले, तिथून बेल लॅब्जमध्ये, आणि १९६४ साली त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर बनवला. पोलादाचे पत्रे कापणाऱ्या यंत्रांत दीर्घकाळ याच जातीच्या लेसरचे राज्य होते, आणि शस्त्रक्रियागृहांत तो आजही असतो. अखंड झोतातून प्रचंड शक्ती देणारा हा लेसर लष्कराच्या डोळ्यांत भरला नसता तरच नवल. अमेरिकन हवाई दलाने विमानात बसवलेल्या अशाच कार्बन डायऑक्साइड लेसरने १९८३ साली हवेतली क्षेपणास्त्रे निकामी करून दाखवली. त्याच वर्षी २३ मार्चला राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी शत्रूची अण्वस्त्रे वाटेतच नष्ट करणाऱ्या संरक्षण यंत्रणेची घोषणा केली होती. लोकांनी तिला ‘स्टार वॉर्स’ म्हणायला सुरुवात केली. लेसरने हे साधेल का, हा प्रश्न अब्जावधी डॉलरचा होता. उत्तर देणारे बहुतेक जण एकतर त्या पैशावर जगणारे होते, नाहीतर त्या धोरणाचे आधीपासूनचे विरोधक.

अमेरिकन फिजिकल सोसायटीने तेव्हा स्वतंत्र अभ्यासगट नेमला आणि त्याचे सहअध्यक्षपद दिले दोन लेसर शास्त्रज्ञांना, हार्वर्डचे निकोलस ब्लोम्बर्गन आणि बेल लॅब्जचे पटेल. गटात शस्त्रास्त्र प्रयोगशाळांतले लोकही होते. गोपनीय माहिती पाहण्याची परवानगी त्यांना मिळाली. अहवाल १९८६ च्या शरद ऋतूत तयार झाला, पण त्यातून गुप्त मजकूर वगळला जाईपर्यंत कित्येक महिने अडकून पडला आणि १९८७ च्या एप्रिलमध्ये लोकांसमोर आला. त्याचा निष्कर्ष असा : ही शस्त्रे उपयोगी पडतील की नाही हे ठरवण्यापुरते ज्ञान हाती यायलाच, सगळे सुरळीत गेले तरी, दहा वर्षे किंवा अधिक काळ कसून संशोधन करावे लागेल. रासायनिक लेसरची शक्ती तर किमान शंभर पटींनी वाढायला हवी होती. हा अहवाल कविमनाच्या शांततावाद्यांचा असता तर कोणी लक्ष दिले नसते. तो उच्चशक्ती लेसर घडवणाऱ्यांचा होता. ज्याने यंत्र बनवले त्यानेच त्याची मर्यादा सांगितली, म्हणून सरकारला त्यावर उत्तर देणे भाग पडले. पटेल पुढे १९९५ साली त्याच सोसायटीचे अध्यक्ष झाले. मला यात केवळ योगायोग दिसत नाही.

यावर आक्षेप येतो तो असा की, संस्थांनी राजकारणात पडू नये. हा आक्षेप हलका नाही. अभ्यासगटाचा अहवाल तांत्रिक होता, पण सोसायटीच्या परिषदेने त्यासोबत स्वतःचे वेगळे निवेदन काढून ही यंत्रणा घाईने उभारण्याला विरोध दर्शवला. टीकाकारांनी नेमके यावर बोट ठेवले : मोजमाप करणे शास्त्रज्ञांचे काम, शस्त्र उभारावे की नाही हा निर्णय लोकप्रतिनिधींचा. माझ्या मते अहवाल मोलाचा होता आणि निवेदन अनावश्यक. अहवालाने जे कमावले त्यातले थोडे निवेदनाने खर्च केले. पण या उदाहरणातून निष्कर्ष उलटा निघतो. कोणती ओळ भौतिकशास्त्राची आणि कोणती मताची, हे ओळखणारी माणसे प्रमुखपदी असावीत, हाच तो निष्कर्ष. पटेल अध्यक्ष असताना, १९९५ च्या एप्रिलमध्ये, त्याच सोसायटीने वीजवाहक तारांच्या चुंबकीय क्षेत्राने कर्करोग होतो या सर्वदूर पसरलेल्या भीतीवर निवेदन काढले. उपलब्ध संशोधनात असा सुसंगत संबंध दिसत नाही, एवढेच त्याचे सार. पुढच्या वर्षी अमेरिकन राष्ट्रीय अकादमीच्या समितीनेही पुरावा निर्णायक नसल्याचेच सांगितले. इथे कोणाची बाजू घेतली गेली नाही. पुराव्यात काय आहे आणि काय नाही तेवढे स्पष्ट झाले. लोक घाबरलेले असताना तेवढे सांगायलाही धारिष्ट्य लागते.

दुसरा आक्षेप वेळेचा. चार वर्षे बैठका, प्रवास, भाषणे यांत घालवणारा संशोधक प्रयोगशाळेला मुकतो, आणि पदाच्या मागे लागतात ते ज्यांचे संशोधन आटले आहे तेच, असे कुजबुजले जाते. काही बाबतीत हे खरेही असेल. पण स्ट्रिकलंड यांचेच काम पाहा. प्रकाशाचा अतिलहान स्पंद वर्धकातून नेला की त्याची क्षणिक शक्ती इतकी चढते की वर्धकाची काचच फुटते. लेसरची वाढ या अडथळ्यापाशी अडली होती. स्ट्रिकलंड आणि त्यांचे मार्गदर्शक जेरार मूरू यांनी १९८५ साली रॉचेस्टर विद्यापीठात यावर तोड काढली. स्पंद आधी काळात ताणून लांब करायचा, म्हणजे त्याचे शिखर खाली येते; तो ताणलेला स्पंद वर्धकातून वाढवायचा; आणि मग पुन्हा आवळून मूळ आखूड रूपात आणायचा. त्यांच्या पहिल्या मांडणीत हे ताणण्याचे काम १.४ किलोमीटर लांबीच्या प्रकाशतंतूने केले. आज डोळ्याच्या लेसर शस्त्रक्रियेत बुबुळावरचा पापुद्रा अलगद कापणारे फेम्टोसेकंद लेसर आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले उच्चतीव्रता लेसर हे याच युक्तीवर चालतात. मूळ काम त्यांनी पद मिळवण्याच्या पाव शतक आधी केले होते. पदामुळे संशोधन आटले असे म्हणायला तिथे जागा नाही. पूर्ण प्राध्यापकपदासाठी त्यांनी अर्जच केला नव्हता, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. जिला विद्यापीठातल्या बढतीची ओढ नव्हती, तिला सभासदांची मते मागावीशी वाटली, यात पदलोभ शोधणाऱ्याला फार काही सापडणार नाही.

शिवाय वेळ वाया जातो म्हणणाऱ्यांनी त्यातून काय निघते तेही मोजावे. स्ट्रिकलंड यांच्या अध्यक्षपदाच्या वर्षात ऑप्टिकल सोसायटीने इतर संस्थांना बरोबर घेऊन अमेरिकेत प्रकाशतंत्रज्ञानासाठी एक राष्ट्रीय मोहीम सुरू केली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी २०१५ हे आंतरराष्ट्रीय प्रकाशवर्ष जाहीर केले. त्यामागे अनेक देशांतल्या प्रकाशशास्त्र संस्थांची काही वर्षांची खटपट होती. त्यांच्यानंतर अध्यक्ष झालेल्या बक्सबाउम यांनी पुढे राष्ट्रीय अकादमीच्या समितीचे नेतृत्व केले. उच्चतीव्रता लेसरची ही युक्ती अमेरिकेत जन्मली, पण जगातले असे ८० ते ९० टक्के लेसर आता अमेरिकेबाहेर आहेत, हे त्या समितीने तिथल्या सरकारला न कचरता सांगितले. रुमानिया, चेक प्रजासत्ताक आणि हंगेरी इथे युरोपने उभारलेली प्रचंड लेसर केंद्रे याला साक्ष आहेत. हे आकडे कोणी कारकून गोळा करू शकला असता. त्यांचा अर्थ लावून सरकारपुढे ठेवायला मात्र प्रयोगशाळा आणि संस्था दोन्ही पाहिलेला माणूस लागला.

तिसरा आक्षेप मला सर्वात गंभीर वाटतो. अध्यक्ष येतात आणि जातात, संस्था चालवतात ते पगारी अधिकारी. मग कोण निवडून आले याने काय फरक पडतो? २०२४ च्या मे महिन्यात ब्लूमबर्गने दिलेल्या एका बातमीने हा प्रश्न उघड्यावर आणला. ऑप्टिकाशी संलग्न प्रतिष्ठान २०२२ पासून तरुण संशोधकांसाठी एक स्पर्धा घेत होते, आणि तिच्यात दर वर्षी दहा लाख डॉलर वाटले जात होते. हा सगळा पैसा चीनच्या हुआवे कंपनीचा होता. तिच्यावर अमेरिकेने २०१९ पासून निर्बंध घातलेले होते. देणगीदाराचे नाव गुप्त राखण्यात आले होते. अर्ज करणाऱ्या संशोधकांना, त्यांच्या विद्यापीठांना, इतकेच काय एका परीक्षकालाही याचा पत्ता नव्हता. बातमीनंतर संस्थेने पैसे परत करायचे ठरवले. पैसा घेणे बेकायदा होते असे कोणी सिद्ध केले नाही, आणि निनावी देणगी हा काही गुन्हा नाही. पण ज्यांच्या नावाने पारितोषिके दिली गेली त्या संशोधकांवर आपल्याच विद्यापीठात खुलासे देण्याची पाळी आणणारी ही गुप्तता होती. पगारी यंत्रणेच्या हाती सगळे असते, म्हणून निवडून आलेल्याने हार घालून घ्यावेत आणि निघून जावे, असे यावरून ठरत नाही. देणगीदाराचे नाव सभासदांना कळलेच पाहिजे, असा नियम करायला त्या मंडळावर आग्रही माणसे असावी लागतात. उमेदवारांच्या निवेदनांत ‘प्रकाशाचे उज्ज्वल भवितव्य’ असल्या गुळगुळीत वाक्यांना तोटा नसतो. देणग्यांबद्दल तू काय करणार, हे विचारणारे मतदार हवेत.

शेवटी या पदावर कोण पोचते, हाही प्रश्न आहेच. ऑप्टिकल सोसायटीला पहिली स्त्री अध्यक्ष मिळायला सत्तर वर्षे लागली : १९८६ साली जीन बेनेट. अतिगुळगुळीत प्रकाशीय पृष्ठभागांच्या मोजमापात त्यांचा हातखंडा होता. त्यानंतर स्त्रिया येत राहिल्या. २०२१ मध्ये अर्धवाहक लेसरवर काम करणाऱ्या कॉन्स्टन्स चँग-हस्नाइन, २०२३ मध्ये मिखाल लिप्सन. अमेरिकेबाहेरचेही आले, २०२२ मध्ये जपानचे सातोशी कावाता, २०२४ मध्ये जर्मनीचे गेर्ड लॉइक्स. नावातून ‘अमेरिका’ काढले म्हणून संस्था जागतिक होत नाही, असा टोमणा मारला जातो, आणि तो काही अगदीच खोटा नाही. कारभार वॉशिंग्टनमधूनच चालतो. लेखकाने निबंध छापण्यासाठी भरायचे शुल्कही डॉलरमध्येच असते. वाचन विनामूल्य झाले तसे छापणे महाग झाले, आणि त्याची झळ पुण्या-इंदूरच्या संशोधकाला बोस्टनच्या संशोधकापेक्षा जास्त बसते. भारतात १९६५ पासून ऑप्टिकल सोसायटी ऑफ इंडिया आहे, लेसरवाल्यांची इंडियन लेसर असोसिएशन आहे. पण ज्या नियतकालिकांत छापून यावे अशी आपल्या विद्यार्थ्यांची आस असते त्यांच्या शुल्काचा तक्ता ठरवण्याचा अधिकार या संस्थांना नाही. तो ऑप्टिकाच्या मंडळाकडे आहे, आणि त्या मंडळाच्या मतपत्रिका भारतातल्या सभासदांकडेही येतात.